सांगलीहून तिरुपती विमानाने: अंतर, उड्डाणाचा वेळ आणि दारापासून दारापर्यंतचा हिशोब

‘कोल्हापूर ते तिरुपती विमानाने किती वेळ’ असं मोबाइलवर शोधलं की अंतर साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास आणि वेळ तासाभराचा असं उत्तर येतं. त्यावर सांगली-मिरजेकडची मंडळी बेत आखतात: आठला घर सोडू, दहा-साडेदहाला तिरुपतीत उतरू, दुपारी दर्शन. आणि मग दर्शनाच्या तिकिटावरची वेळ हुकते. अंतराचा आकडा बरोबर असतो, पण तो एका धावपट्टीपासून दुसऱ्या धावपट्टीपर्यंतच्या सरळ रेषेचा. वेळ काढताना मोठ्या जेटचा वेग धरलेला असतो. बाकीचे सहा तास त्यात कुठेच नसतात.

खाली उजळाईवाडी (कोल्हापूर) आणि रेणीगुंटा (तिरुपती) ही जोडी उदाहरणाला घेतली आहे. रीत कुठल्याही दोन लहान विमानतळांना लागू पडते. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा, कारण प्रत्येक टप्प्याचा आकडा पुढच्यात लागतो.

आधी हाताशी काय हवं

कागद-पेन. कॉस काढता येणारा कॅल्क्युलेटर. मोबाइल आडवा धरला की बहुतेकांचा तसा होतो. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश, विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचं वेळापत्रक आणि दर्शनाचं तिकीट काढलेलं असेल तर त्यावरची रिपोर्टिंगची वेळ. कोणतं विमान उडतंय तेही बघून ठेवा. बुकिंगच्या पानावर उड्डाणाचा तपशील उघडला की एटीआर (पंख्याचं विमान) किंवा एम्ब्रेअर (लहान जेट) असं लिहिलेलं सापडतं.

टप्पा १: दोन्ही टोकं पक्की करा

कोल्हापूरचा कोड केएलएच, तिरुपतीचा टीआयआर. घाईत टीआरझेड किंवा टीआरव्ही निवडलं जातं. पहिला तिरुचिरापल्लीचा आहे, दुसरा तिरुवनंतपुरमचा. यादीत सगळी ‘तिरु’ एकाखाली एक येतात, म्हणून नावापेक्षा कोड वाचा.

नकाशावर कराडला विमानाचं चिन्ह दिसतं आणि सांगलीजवळ कवलापूरची जागाही विमानतळ म्हणून सगळ्यांच्या बोलण्यात असते. दोन्हीकडून तिकीट काढून बसता येईल अशी नियमित प्रवासी सेवा नाही. सांगलीकराला जवळचा चालू विमानतळ उजळाईवाडीचाच. बेळगावचा सांबरा सुमारे १४० किमीवर आहे. पुण्याचं लोहगाव त्याहून बरंच लांब, आणि तेही शहराच्या पलीकडच्या अंगाला.

आता मुख्य प्रश्न: तुमच्या तारखेला थेट उड्डाण आहे का? लहान विमानतळांवरचे मार्ग सुरू होतात, बंद पडतात, कंपनी बदलते. वेळापत्रक वर्षातून दोनदा पालटतं. उन्हाळी मार्चच्या शेवटच्या रविवारी लागू होतं आणि हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. फेब्रुवारीत बघितलेली वेळ एप्रिलच्या प्रवासाला गृहीत धरणं ही नेहमीची चूक आहे.

*तपासा:* उड्डाण रोजचं आहे की ठरावीक वारांचं? वेळापत्रकात वार आकड्यांत दिले असतील तर १ म्हणजे सोमवार आणि ७ म्हणजे रविवार. आपल्याकडे आठवडा रविवारपासून मोजायची सवय असल्याने एका दिवसाचा घोळ हमखास होतो.

टप्पा २: सरळ अंतर काढा

उजळाईवाडी: अक्षांश १६.६६, रेखांश ७४.२९.
रेणीगुंटा: अक्षांश १३.६३, रेखांश ७९.५४.

१. अक्षांशांचा फरक ३.०३. तो १११.२ ने गुणा: ३३७ किमी. ही दक्षिणेकडची सरक.

२. रेखांशांचा फरक ५.२५. हा थेट १११.२ ने गुणायचा नाही, कारण विषुववृत्तापासून वर सरकाल तसतशा रेखांशाच्या रेषा जवळ येतात. दोन्ही अक्षांशांची सरासरी १५.१५ अंश, तिचा कॉस ०.९६५. म्हणून ५.२५ × १११.२ × ०.९६५ = ५६३ किमी. ही पूर्वेकडची सरक.

३. दोन्हींचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ घ्या. उत्तर सुमारे ६५६ किमी.

पृथ्वीची गोलाई धरून काढलं तरी ६५७ येतात. हजार किलोमीटरच्या आतल्या अंतराला ही शाळेतली रीत पुरेशी आहे.

*सावध, इथे तीन ठिकाणी पाय घसरतो:*

अंश-मिनिटं आणि दशांश यांची सरमिसळ. उजळाईवाडीचा अक्षांश १६ अंश ३९ मिनिटं असा लिहिलेला असेल तर तो १६.३९ होत नाही. ३९ ला ६० ने भागा, म्हणजे १६.६५, पुढचे सेकंद धरले की १६.६६. ही चूक एकट्या अक्षांशात ३० किमी खाते.

कॅल्क्युलेटर रेडियनवर राहणं. यातली खोच अशी की कॉसचं उत्तर उणे ०.८४६ येतं, पण पुढे वर्ग केल्यावर उणे चिन्ह गायब होतं आणि शेवटी ५९८ किमी असा अगदी पटण्यासारखा आकडा मिळतो. १५ अंशांचा कॉस ०.९७ च्या आसपास आला नाही तर तिथेच थांबा आणि डिग्री निवडा.

मैलांचा घोळ. वैमानिकी तक्त्यांत नॉटिकल मैल असतात आणि एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी. आपलं अंतर ३५५ नॉटिकल मैल भरतं. हे साधे मैल समजून १.६ ने गुणलं तर ५७० किमी येतात आणि ८५ किमी वाटेतच हरवतात.

हाच आकडा गाडीच्या किलोमीटरशी ताडून बघण्यात अर्थ नाही. रस्ता आणि रेल्वे दोन्ही वळसा घेतात. कोल्हापूर–तिरुपती हरिप्रिया एक्सप्रेस बेळगाव, हुबळी, बल्लारी, गुंतकल करत जाते.

टप्पा ३: सरळ रेषेवरून उडायच्या अंतरावर या

विमान नाकासमोर उडत नाही. वाऱ्याच्या तोंडावर उड्डाण घ्यायचं म्हणून कधी उलट्या दिशेला उठतं आणि वळून मार्गाला लागतं. वर ठरवून दिलेल्या हवाई मार्गांनी जातं. उतरताना धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी पुन्हा वळसा घेतं. आपल्यासारख्या अंतराला सरळ रेषेवर ५ ते १० टक्के वाढ धरावी. ६५७ चे ७०० धरा आणि पुढे चला. इथे फार कीस काढण्यात हशील नाही.

टप्पा ४: विमानाच्या प्रकारावरून हवेतला वेळ

निम्मे चुकीचे हिशोब इथे होतात. बरीचशी तयार उत्तरं ताशी ८०० किमीच्या आसपासचा जेटचा वेग धरतात. उजळाईवाडीवर आजवर मुख्यतः दोन जातींची विमानं आली आहेत: पंख्याचं एटीआर ७२ आणि एम्ब्रेअरचं लहान जेट. दोघांच्या वेगात मोठी तफावत आहे.

एटीआर ७२: वर स्थिरावल्यावर ताशी ५०० किमीच्या आसपास. ७०० ÷ ५०० = १ तास २४ मिनिटं. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, त्यासाठी १० मिनिटं. हवेतला वेळ साधारण १ तास ३५ मिनिटं.

एम्ब्रेअर जेट: ताशी ८०० किमीच्या आसपास. ७०० ÷ ८०० = सुमारे ५३ मिनिटं. जेट जास्त उंच चढतं, म्हणून चढ-उताराचे १५ धरा. एकूण १ तास ८ मिनिटं.

यात जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणं आणि उतरल्यावर थांब्यावर येणं मिळवा. दोन्हीकडचे मिळून १२ ते १५ मिनिटं पुरतात, कारण हे विमानतळ लहान आहेत आणि मुंबईसारखी रांग इथे लागत नाही. म्हणजे एटीआरने १ तास ५० मिनिटं, जेटने १ तास २० ते २५ मिनिटं.

वाऱ्याचं काय? आपला मार्ग आग्नेयेला जातो. पश्चिमेचा ताशी ४० किमीचा वारा पाठीशी असला तरी मार्गाच्या दिशेने त्याचा वाटा ३४ किमीच उरतो आणि एटीआरची जेमतेम ५ मिनिटं वाचतात. परतताना तेवढीच जादा लागतात. एवढ्या अंतराला वाऱ्याचा हिशोब सोडून द्या.

*तपासा:* विमानं थेट दाखवणाऱ्या ॲपवर त्याच उड्डाणाचे मागचे आठ-दहा दिवस बघा. प्रत्यक्ष उठण्यापासून टेकण्यापर्यंतच्या वेळा उतरत्या क्रमाने लावा आणि मधली घ्या. ती तुमच्या हवेतल्या वेळेपेक्षा १५ मिनिटांहून जास्त वेगळी निघाली तर विमानाचा प्रकार चुकला आहे किंवा टप्पा २ मध्ये गडबड आहे.

टप्पा ५: तिकिटावरच्या वेळेशी पडताळा

तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे विमान थांब्यावरून हलण्याची आणि पोचण्याची वेळ म्हणजे पलीकडे थांब्यावर उभं राहण्याची. जमिनीवरची फिरती त्यात आलेलीच असते. वर कंपन्या थोडी ढील ठेवतात. म्हणून छापील वेळ तुमच्या उत्तरापेक्षा पाच-दहा मिनिटं जास्त दिसली तर ठीक. ती छापील वेळच पुढे वापरा. त्यावर पुन्हा फिरतीची मिनिटं चढवू नका, तोच वेळ दोनदा मोजला जाईल.

‘सव्वादहाचं विमान’ म्हणजे सव्वादहाला दारात पोचायचं, असं समजणारे अजून भेटतात. बहुतेक देशांतर्गत कंपन्यांचं सामानाचं काउंटर ६० मिनिटं आधी बंद होतं आणि बोर्डिंगचं गेट २०-२५ मिनिटं आधी. आपल्या कंपनीची नेमकी वेळ तिकिटाच्या खालच्या बारीक अक्षरांत असते. वेब चेक-इन केलं तरी सामान द्यायचं असेल तर काउंटरची वेळ चुकत नाही.

टप्पा ६: थेट उड्डाण नसेल तर

हैदराबादवरून जायचं झालं तर कोल्हापूर–हैदराबाद ४४५ किमी आणि हैदराबाद–तिरुपती ४१९ किमी, मिळून ८६४. थेट रेषेपेक्षा दोनशे किमी जास्त. पण खरा खर्च किलोमीटरचा नाहीच. एटीआरने प्रत्येक तुकड्याला सुमारे १ तास २० मिनिटं आणि मध्ये दीड-दोन तासांचा थांबा, म्हणजे विमानतळ ते विमानतळ साडेचार तास.

दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर घ्या. पहिलं लेट झालं तर पुढची सोय लावणं मग कंपनीकडे येतं आणि सामानही बहुधा थेट तिरुपतीला जातं. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली तर हैदराबादला बाहेर येऊन, पट्ट्यावरून बॅग उचलून, पुन्हा सुरक्षा तपासणीतून जावं लागतं. अशा वेळी मध्ये तीन तास ठेवा. दीड तासात जमतं म्हणणाऱ्यांचं विमान अजून कधी लेट झालेलं नसतं.

*तपासा:* साडेचार तासांवर दोन्हीकडचा रस्ता आणि विमानतळावर आधी पोचण्याचा वेळ मिळवल्यावर बेरीज दहा तासांच्या वर जाते का? जात असेल तर मिरजेहून हरिप्रियाने रात्र गाडीत काढणं पुष्कळदा सोयीचं पडतं.

टप्पा ७: सांगली ते उजळाईवाडी

अंतर सुमारे ५० किमी: सांगली, अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले, अतिग्रे, शिरोलीचा सांगली फाटा. तिथून पुणे–बेंगळुरू महामार्गावर डावीकडे, पंचगंगेचा पूल, तावडे हॉटेल मागे टाकून उजळाईवाडी. कोल्हापूर शहरात शिरायची गरज नाही. नकाशा आतून नेत असेल तर ऐकू नका; तावडे हॉटेलपाशी शहराकडे वळलात की परत बाहेर पडण्यात वीसेक मिनिटं जातात.

मोकळ्या रस्त्याला सव्वा तास लागतो. हिशोबात दीड तास धरा. ऊस हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, पावणेदोन तास. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर जयसिंगपूर–हातकणंगले पट्ट्यात एकामागे एक लागले की ओलांडायला जागा मिळत नाही. पहाटेच्या अंधारात मागचा दिवा नसलेली ट्रॉली अगदी जवळ गेल्यावर दिसते. तिथे वेग वाढवून वेळ भरून काढू नका, घरातून आधी निघा.

पावसाळ्याचा हिशोब वेगळा. या वाटेवर दोन नद्या ओलांडायच्या आहेत, अंकलीला कृष्णा आणि शिरोलीजवळ पंचगंगा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद झाली होती. जुलै-ऑगस्टचं तिकीट असेल तर दोन दिवस आधीपासून दोन आकडे बघत राहा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० आणि धोका ४५. राजाराम बंधाऱ्याचं पाणी इशाऱ्याच्या वर जाऊन चढतंच असेल तर आदल्या दिवशी कोल्हापूरच्या बाजूला मुक्कामाला जा. हा मुक्काम पंचगंगेच्या दक्षिणेला हवा, महामार्गाच्या उजळाईवाडीकडच्या अंगाला. शिरोलीत राहून उपयोग नाही. इचलकरंजी–हुपरी–कागल हा आडमार्गही पंचगंगा ओलांडूनच जातो, तेव्हा पुरात त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

कोल्हापुरात ढग खाली उतरले की विमान वर घिरट्या घालतं किंवा दुसरीकडे वळवलं जातं. पावसाळ्यात त्याच दिवसाचं दर्शन ठेवू नका, एक रात्र मध्ये घाला.

सातारकरांसाठी थोडक्यात: उजळाईवाडी सुमारे सव्वाशे किमी आणि पुणेही जवळपास तेवढंच. कराडच्या खालच्यांनी कोल्हापूर धरावं. साताऱ्याच्या वरच्यांनी पुण्याहून थेट उड्डाण आहे का ते आधी बघावं, पण लोहगाव गाठायला शहर पार करण्याचा तासभर जादा धरून. सहापदरीकरणाचे वळणरस्ते जागोजागी असतील तर कोल्हापूरकडच्या वाटेलाही अर्धा तास जास्त.

टप्पा ८: रेणीगुंट्यापासून उलटं मोजत या

रेणीगुंट्याहून तिरुपती शहर साधारण १५ किमी. पुढे अलिपिरीचा तपासणी नाका आणि मग घाट. नाक्यावर माणसांची आणि सामानाची तपासणी होते, गर्दीच्या दिवशी गाड्यांची रांग लांबते. घाटात ठरवून दिलेल्या किमान वेळेच्या आत वर पोचलं तर दंड आहे, त्यामुळे ‘ड्रायव्हरला जरा दाबायला सांगू’ हा उपाय इथे चालत नाही. विमानतळाबाहेर पडल्यापासून तिरुमलावर पोचेपर्यंत पावणेदोन तास धरा.

आता दर्शनाच्या वेळेपासून मागे या. तिकिटावर दुपारी ४ ची रिपोर्टिंग आहे आणि एटीआरचं थेट उड्डाण मिळालं असं समजू.

४:०० रिपोर्टिंग.
२:३० तिरुमलावर पोच (खोली किंवा लॉकर, आंघोळ, मोबाइल जमा करणं यासाठी दीड तास).
१२:४५ रेणीगुंटा विमानतळाबाहेर.
१२:१० विमान थांब्यावर (बॅगेसाठी ३५ मिनिटं).
१०:२० कोल्हापूरहून सुटणं.
९:२० काउंटर बंद.
८:३० विमानतळाच्या दारात.
७:०० सांगलीतून निघणं. उसाच्या हंगामात ६:४५.

सांगलीच्या दारापासून तिरुमलापर्यंत साडेसात तास, त्यातले हवेत जेमतेम दीड-पावणेदोन. एटीआरऐवजी जेट मिळालं तर २५ मिनिटं वाचतील, साडेसाताचे सात होतील. म्हणून जेटचं तिकीट हजार-दीड हजाराने महाग असेल तर त्या पैशात वेळ फारसा विकत मिळत नाही. मात्र जेट सकाळी लवकरचं आणि एटीआर दुपारचं असेल तर गोष्ट वेगळी. सुटण्याची वेळ वेगापेक्षा जास्त कामाची.

*सावध:* प्रत्यक्षात उड्डाण १०:२० ला असेलच असं नाही. तुमच्या उड्डाणाची खरी वेळ मधल्या ओळीत टाका आणि वरखाली मोजा. दर्शनाची वेळ आणि पोच यांत तासाभराहून कमी अंतर उरलं तर स्लॉट पुढचा घ्या. ज्या तारखेला विमान आहे त्या तारखेला स्लॉट आहे का, हे दोन्ही पानं शेजारी उघडून बघा आणि दोन्ही मिळतात याची खात्री झाल्यावरच पहिलं तिकीट काढा.

परतीचा हिशोब वेगळा मांडा

जाण्याच्या वेळा उलट्या लावून परतीचं काम होत नाही. घाट उतरण्याचा रस्ता वेगळा आहे आणि किमान वेळेचा नियम तिथेही आहे. लाडू हातातल्या पिशवीत ठेवा, पण केबिनमध्ये साधारण ७ किलोच चालतात आणि एटीआरचे वरचे कप्पे लहान असतात. मोठी पिशवी विमानाच्या दारात काढून घेतली जाते आणि कोल्हापुरात उतरल्यावर परत मिळेपर्यंत थांबावं लागतं. प्रसादात सुकं खोबरं असेल तर ते विमानात नेऊ देत नाहीत. बॅग उघडून ते काढण्यात काउंटरवरची दहा मिनिटं जातात, तेव्हा बांधतानाच वेगळं करा.

उजळाईवाडीला विमान संध्याकाळी उतरत असेल तर बॅगेसाठी अर्धा तास आणि रस्त्याला दीड तास धरून घरी पोचायची वेळ सांगा. गाडी सांगलीहून मागवली असेल तर चालकाला उड्डाणाचा क्रमांक द्या. नुसती वेळ दिली तर विमान लेट झालेलं त्याला कळत नाही आणि तो महामार्गावर ताटकळत बसतो.